चिंताकीचा साग

हुमनाबाद
१४ जानेवारी १९९७

चि. राजपाल यास,
अक्काचा प्रभूत सलाम व अ. आ.

तू सिकंदराबादला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. कापणीच्या सणाला चर्चमध्ये उभा राहून बोललास, तेव्हापासून बाया तुझंच नाव काढायल्यात. टाय लावून शास्त्र सांगणारा हा शांतप्पाचाच पोरगा का, असं शेजारचा भीमण्णा दोनदा विचारून गेला.

पण लेकरा, माझ्या गळ्याखाली उतरेना. तुझी ती कनान वृक्षधन कंपनी सागाची झाडं लावते आणि तीन वर्षांत पैसा दुप्पट करते. पोस्टात त्यालाच साडेपाच वर्षं लागतात. मालक प्रार्थना करून कचेरी उघडतात, नफ्याचा दशांश देवाला देतात, म्हणालास. झाडाला प्रार्थना कळते व्हय? मी पोरांना शिकवते त्या पुस्तकात साग चाळीस वर्षं घेतो.

बायांची मुठीची ठेव माझ्या ताब्यात आहे, हे तुला ठाऊक आहे. नऊ वर्षं प्रत्येकीनं चूल पेटवताना मूठभर ज्वारी प्रभूच्या डब्यात टाकली. ती विकून अडतीस हजार झाले, ते विधवांच्या औषधपाण्याचे आहेत. आता सगळ्या म्हणायल्यात, राजपालकडं दे. ईस्टरनंतरच्या सभेत ठरायचंय. म्हणून दोनच गोष्टी विचारते. झाडं कुठं आहेत? आणि त्यात तुझा स्वतःचा पैसा किती आहे?

राग मानू नकोस. मानलास तर जेवून मान.
तुझी, रिबकाअक्का


सिकंदराबाद
२ फेब्रुवारी १९९७

ती. अक्कास,
राजपालचा प्रभूत सलाम. वि. वि.

पत्र वाचून मन दुखलं. परक्यानं संशय घेतला तर समजू शकतो. तू मला कडेवर घेऊन रविवारच्या शाळेत नेलंस, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

धनी परगावी जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो, तो दाखला तूच मला शिकवलास. दोघांनी व्यापार करून दुप्पट केले. तिसरा भ्याला आणि जमिनीत पुरून बसला. निदान सावकाराकडे तरी ठेवायचे होतेस, असं धनी त्याला म्हणाला. अक्का, तुझं पोस्टाचं पासबुक म्हणजे तो खड्डाच आहे. देवाचा पैसा वाढवणं हीही सेवाच, असं आमचे मालक सांगतात.

झाडं औरादकडे चिंताकीला आहेत, दोनशे एकर. फोटो सोबत जोडला आहे. बायकांचा उत्साह मोडू नये, एवढंच मागणं.

मनीषा तुझ्या शेंगाच्या पोळीची आठवण काढते. मुलं मजेत.
माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा, राजपाल


हुमनाबाद
११ मार्च १९९७

चि. राजपाल यास,
सलाम व अ. आ.

शनिवारी भीमण्णाला घेऊन मी चिंताकीला जाऊन आले. तीन बस बदलल्या, कंबर मोडली.

गावात एका बाईला विचारलं, साग कुठं आहे. ती दखनी बोलणारी. मोठ्या आनंदानं मळ्यात घेऊन गेली आणि पालक-चुक्याची जुडी उपटून हातात दिली, दोन रुपये म्हणाली. तिच्या बोलीत पालेभाजीला साग म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. भीमण्णा बांधावर बसून हसायला लागला. भाजी घेतली, शिजवली, चांगली होती. तुझ्या दोनशे एकरांतला तेवढाच साग माझ्या पोटात गेला.

मग फोटोतली कंपनीची पाटी सापडली. ती गुंडप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या तुरीत उभी आहे. महिन्याला शंभर रुपये देतात, तेवढ्यावर पाटी राहू देतो, म्हणाला. जीपमधून लोक येतात, पाटीजवळ फोटो काढतात आणि जातात. फोटोतली झाडं सरकारी रस्त्याच्या कडेची आहेत. मी हात लावून बघितली.

तू फसलास, असंच मला म्हणायचंय. पण मी दोन गोष्टी विचारल्या होत्या. एकीला तू फोटो दिलास आणि दुसरीला दाखला. राजपाल, तुझा स्वतःचा पैसा किती आहे? आकडाच लिही, शास्त्रातलं वचन लिहू नकोस. रात्री झोप लागंना मला.

माया आहे म्हणूनच विचारायलेय.
रिबकाअक्का


सिकंदराबाद
१९ मार्च १९९७

अक्का,

न्हाई. एक रुपया पण न्हाई.

माझे वीस हजार पोस्टात हायत, किसान विकास पत्रात. मनीषाला पण ठाव न्हाई. चिंताकीला मी कधी गेलो न्हाई. जायचं म्हणलं की मालक दुसरं काम काढायचे, आणि खरं सांगतो, मला पण बरंच वाटायचं. न बघता बोलता येत होतं. लोकांनी भरलेल्या शंभरामागं सात रुपये मला मिळतात.

अजून एक हाय. सणाच्या दिवशी चन्नव्वानं चर्चच्या मागं मला गाठलं. नवऱ्याच्या मागं राहिलेले तीन हजार, झाडांत घाल म्हणून, कनवटीतनं काढून दिले. पावती मागितली न्हाई. तू पाळकासारखा बोलायलास, म्हणाली.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण. लोभ ठेव असं लिहायला हात धजंना.
राजपाल


हुमनाबाद
२५ मार्च १९९७

चि. राजपाल यास,
सलाम व अ. आ.

पत्र वाचलं आणि चुलीपाशी बसून रडले. फसवला गेलास असं कळलं असतं तर सोपं होतं रे मला.

सभेत मी बायांना पाटीचं आणि तुरीचं सांगणार आहे. ठेव पोस्टातच राहील. तुझ्या वीस हजारांचं मी सांगणार न्हाई, ते तू सांगशील. चन्नव्वा सकाळीच येऊन विचारून गेली, राजपालचं झाड केवढं झालं.

सावकाराचा दाखला तुला पाठ आहे. तो जकातदार जक्कय पण आठव, त्यानं ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत केलं. तुझ्याकडं मी चौपट मागत न्हाई. पोस्टातले तीन हजार मोड आणि ईस्टरला घेऊन ये. चन्नव्वाच्या दारात तू एकट्यानं जा, मी बरोबर येणार न्हाई. त्यानंतर घरी ये. पोळ्या करून ठेवते.

तुझीच,
रिबकाअक्का