वन्स मोअर कुणाला?

न्युरेम्बर्ग, डिसेंबर १९६९

ती. आत्मारामकाकांना सा. न.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेल्याचं तुमच्या सुलेखानं कळवलं. धीराचे चार शब्द लिहायला बसलो, तर शेजारच्या खोलीतला बोहुमिलच आठवतोय. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोच्या रंगभूमीवरचा हा गाता नट, गेल्या वर्षी रशियन रणगाडे आल्यावर इकडे पळून आला. आमच्या सामाईक स्वयंपाकघरात ॲकॉर्डियन घेऊन गायचा, आणि मी नाटकात तुमच्या पदांना ओरडायचो तसाच ‘वन्स मोअर!’ ओरडायचो. कमरेत वाकून तो पुन्हा गायचा.

इथल्या एका सिनेमात त्याला काम मिळालं. दोघं पाहायला गेलो. त्याचे चेक उच्चार जर्मन कानांना खुपतात म्हणे, म्हणून गाण्यासकट दुसऱ्याचाच आवाज भरलेला! त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी कितीही ओरडलो तरी तो गायला नाही. गेल्या महिन्यात नदीत सापडला.

काल तो सिनेमा पुन्हा पाहिला. तोंड त्याचंच हलत होतं. गाणं संपलं आणि वन्स मोअर माझ्या ओठांवर आला. कुणाला द्यायचा, काका?

तुम्हाला नुसतं ‘लवकर बरे व्हा’ असं कार्ड टाकतो. हे पत्र राहू दे माझ्यापाशीच.

तुमचा, पहिल्या रांगेतला,
श्रीनाथ