एका कार्डावर एक बाई

जैनथ,
शुक्रवार, दि. १२ फेब्रुवारी २०१०

ती. सौ. चंद्राताईंना धाकटी भावजय पंचफुला हिचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे धडधाकट आहेत, म्हणजे वेळेवर जेवतात, भांडतात आणि माझं डोकं खातात. तुमची तब्येत कशी आहे? 'बरी आहे' म्हणून उरकू नका, नीट सांगा. भाऊजींचा गुडघा, बापूजींचा खोकला, तुमच्या लेकीची, सुजाताची, परीक्षा, सगळ्यांची विचारपूस आहे. सुजाताचं यवतमाळचं स्थळ जमत आलं हे ऐकून तुमच्या भावानं मंडल ऑफिसात पेढे वाटले (अजून जमायचं आहे, हे त्यांना वाटून झाल्यावर आठवलं). फोन असताना पत्र काऊन, असं भाऊजी म्हणतीलच. त्यांना सांगा, तुमच्याकडं फोन उचलला की सगळं घर 'कोणाचा हाय?' करत गोळा होतं आणि माझं बोलणं अर्ध्यावर असताना बॅलन्स संपतो. शिवाय मी रागात आहे, आणि माझा राग कागदावरच नीट मावतो. (भाऊजी, मोठ्यानं वाचून दाखवत असाल तर सावकाश वाचा, बापूजींना ऐकू कमी येतं.)

तर डिसेंबरातल्या त्या गाडीची कथा. तुमी तेव्हा सहा डिसेंबरसाठी माहेरी आल्या होत्या, तरी पहिल्यापासून सांगते, कारण तुमी त्या दिवशी निंबाच्या सावलीत बसून नुसती बोरं खाल्ली आणि तिकडच्या मंडळींना तर काहीच माहीत नाही. हैदराबादहून छातीच्या कॅन्सरची तपासणी करणारी गाडी आमच्या मंडलात (तिकडं तालुका म्हणतात) आली. दुखणं असो नसो, चाळिशीच्या पुढच्या एकूण एक बाईचा फोटो काढायचा, म्हणजे गाठ हाताला लागायच्या आधीच मशीनला दिसते. हेतू चांगला आहे, हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण सरकारचा कोणताही चांगला हेतू गावात आला की आधी शाळेच्या मैदानात उतरतो आणि मग मास्तरणीच्या डोक्यावर बसतो. जनगणना मी, मतदान मी, पोलिओ मी, आता हेही मीच. सातवीचा वर्ग उन्हात बसला, आणि वर्गात बायका बसल्या. त्यांच्यापेक्षा सातवी शहाणी.

पहिला घोळ नागनाथनं केला. तोच आपला ऑटोला भोंगा बांधून दंडोरा देणारा. त्याला मी शिकवून पाठवलं की चाळिशीच्या पुढच्या सगळ्या बायांनी यावं, ओळखीसाठी रेशनचं पांढरं कार्ड आणावं. पण त्या माणसाचा जन्म रेशनचा तांदूळ अन् घासलेट पुकारण्यात गेलेला. कार्ड म्हटल्याबरोबर त्याच्या तोंडून आपोआप पुढचं निघालं, 'एका कार्डावर एक, गर्दी करू नका.' झालं! घरोघरी बैठका बसल्या की आपल्या कार्डावर कोणाला पाठवायचं. वेचणीचे दिवस, कापूस फुटून राह्यलेला, म्हणून जिचा हात रिकामा ती आली. मी सखूबाई म्हणून नाव पुकारलं, वय पासष्ट, तर पुढं तिची सून उभी. मी म्हटलं, ही पासष्टची? तर शांतपणे म्हणते, 'मॅडम, कार्ड त्यायचं हाय, बाई मी हाय.' आता काय बोलता? त्यांचा हिशेब असा की दुकानातून तांदूळ कोणीही आणला तरी शिजतो घरातच. मी घसा फुटेस्तोवर सांगितलं की बायांनो, छाती घरामागं एक नसते, ज्याची त्याची वेगळी असते. पकडल्या तितक्या परत पाठवल्या आणि खऱ्या मालकिणींना शेतातून बोलावून आणलं. ज्या सुटल्या त्या सुटल्या.

दुसरा घोळ पावडरीचा. अंगाला पावडर असली तर फोटोत ठिपके दिसतात, म्हणून लावून येऊ नका असं बजावलं होतं. पण फोटो म्हटल्यावर आपल्या बाया बिनपावडरीच्या येतील का? एकेक जण लग्नाला निघाल्यासारखी पांढरी होऊन आलेली. सगळ्यांना हातपंपावर नेऊन धुवून काढलं, आणि पंप मी मारला. गाडीतली नर्स बोलणार तेलुगू, आपल्या बायांना तेलुगू बाजारापुरतं, म्हणून मी पडद्याबाहेर उभी राहून दुभाषी. ती म्हणणार श्वास धरा, मी म्हणणार श्वास धरा. राहीबाईला धरायला सांगितला आणि सोडायला सांगायचं राहून गेलं, तर ती तशीच गाल फुगवून पायऱ्या उतरली आणि माझ्यापुढं येऊन हातानं विचारती झाली, की सोडू का? मी म्हटलं, सोडा माय, माझाही सोडवा.

मग मधे तेलंगणाचे बंद लागले, बसगाड्या बंद, रस्ते बंद, आणि निकाल आला तो जानेवारी सरता सरता. खरा ताप तिथून सुरू झाला. आदिलाबादच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की ही तपासणी म्हणजे चाळणी आहे. ज्यांना पुन्हा बोलावलं त्यांतल्या बहुतेक जणींना शेवटी काहीच निघत नाही, पण वर राहिलेला दाणा की खडा हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आणि ज्यांचा फोटो साफ आला त्यांनी जन्माची सुटका झाली असं समजू नये, पुन्हा गाडी आली की पुन्हा यावं. आता हे गावानं कसं ऐकलं? विमलबाईचा फोटो साफ आला, तर तिनं बीपीच्या गोळ्या बंद केल्या. म्हणते, मशीनमधी पास झाली, आता गोळ्या कायले? आणि जिला पुन्हा बोलावलं तिच्या दारात चपलांचा ढीग.

आणि पुन्हा बोलावलं कोणाला, तर आपल्या मायला. फोटोत डाव्या बाजूला डाग. तेव्हापासून आपलं घर घर राह्यलं नाही, भेटायला येणाऱ्यांचा स्टँड झाला. जो येतो तो केळी आणतो. मी वर्गात केळी वाटते, मास्तरांना वाटते, तरी सरत नाहीत. बाबारावकाका तामसीहून आले आणि मायच्या उशाशी बसून कॅन्सरनं गेलेल्या बायांची नावं एकामागून एक सांगत बसले, वर प्रत्येकीला किती त्रास झाला तेही. मी चहाऐवजी पाणी दिलं तेव्हा उठले.

पण या सगळ्यांपेक्षा माझं रक्त आटवलं ते तुमच्या मायनं. बाई ढिम्म. रडणं नाही, घाबरणं नाही. तोंडात एकच, 'तो डाग माहा नाई.' तुमच्या भावानं समजावलं, मी समजावलं, आपल्या उपकेंद्राच्या नर्सनं येऊन समजावलं की सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं, मनाची तयारी करा. तर म्हणते, 'तयारी कायची करू? माहा नाई तं नाई.' दवाखान्यात चला म्हटलं की दुसरं पालुपद, 'चंद्रीले बोलवा.' सकाळी उठली की विचारते, चंद्रीचा फोन आला का? आमी म्हटलं, म्हातारीला लेकीला डोळे भरून पाहायचं आहे, आणि तुमचे भाऊ गोठ्यात जाऊन रडून आले.

तर आता भाऊजींना आणि बापूजींना हात जोडून विनंती. मायला सोमवारी आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे आणि ती ताईंशिवाय हलायला तयार नाही. सुजाताचं घर पाहायला पाहुणे येतील त्याच्या आधी ताई परत येतील. चार दिवस त्यांना पाठवावं. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा असावी.

सर्वांना जयभीम, सुजाताला आशीर्वाद.

तुमची,
पंचफुला

ता. क. पत्र उत्तमराव कापडवाल्यांच्या हाती देते आहे, ते उद्या पांढरकवड्याच्या बाजाराला येतात. त्यांच्याकडूनच तुमच्यासाठी ब्लाउजपीस घेतला. रंग उजेडात जाऊन पाहा, आणि घडी तुमीच मोडा. दुसऱ्या कोणी मोडली तर कापड विस्कटतं.

दुसरा ता. क. (घडीतला कागद. एकटीनं वाचा आणि चुलीत घाला.)

ताई, पत्रात लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त एकदोन गोष्टी सोडून. माय दवाखान्यात जाऊन आली. गेल्या मंगळवारी मी तिला चष्मा बदलायला म्हणून आदिलाबादला नेलं आणि सरळ डॉक्टरीणबाईंपुढं बसवलं. नवा फोटो काढला. साफ! मी आनंदानं रडायलाच लागले. पण बाईंनी डिसेंबरातला फोटो शेजारी लावला आणि दोन्हींकडं पाहत राहिल्या. म्हणाल्या, म्हाताऱ्या बाईचा फोटो काळपट येतो, हा जुना पांढरा दाट आहे, ही बाई वयानं बरीच लहान असणार, हे दोन फोटो एका बाईचे नाहीत. मी मायकडं पाहिलं. माय म्हणते, 'मंग मी कवाची काय सांगून राह्यली?'

बाकीचं तुमाला माहीतच आहे. मलाच काय ते मंगळवारी कळलं. मी शाळेच्या दारात उभी राहून सगळ्या गावाच्या सुना परत पाठवत होते, आणि मी हातपंपावर गेले तेवढ्यात माझ्याच घरातून लेक आत गेली, डोक्यावर पदर घेऊन, मायच्या नावावर. पडद्याबाहेरून तुमालाही श्वास धरायला मीच सांगितलं असणार. काऊन असं केलं, असं मी दवाखान्याच्या व्हरांड्यात ओरडून विचारलं, लोक पाहायला लागले. तर माय म्हणते, लेक माहेरी आली अन् सरकारचं काही फुकट आलं तर आधी लेकीले द्या लागते. साडी आली असती तं साडी देल्ली असती. आणि डाग कोणाचा ते इतके दिवस का सांगितलं नाही? सुजाताचं जमत आलं म्हणून. नवऱ्या मुलाकडच्यांच्या कानावर गेलं की हिच्या मायला असं काही आहे, तर मोडेल म्हणून. तिनं ठरवलं की तुमी इथं येईपर्यंत डाग आपल्याच नावावर ठेवायचा. म्हणते, मले म्हातारीले कोण नाव ठेवते?

ताई, मला राग आला आहे आणि मला भीती वाटते आहे. दोन्ही खरं. बाई म्हणाल्या, डाग लहान आहे, हाताला लागणार नाही इतका, आणि बहुतेक वेळा असे डाग काहीच नसतात. पण पुन्हा फोटो काढून, लागलं तर सुई घालून पाहायलाच हवं. काही असलंच तर आत्ता सापडणं हे फार चांगलं. हे मी तुमाला धीर द्यायला लिहीत नाही, त्या बोलल्या तसं लिहिते आहे. दवाखान्यात तुमचं खरं नाव सांगावं लागेल, ते त्यांच्यापाशीच राहील. घरी मात्र मायच आजारी आहे. गावानं आधीच रडून ठेवलं आहे, केळी आहेतच, त्यामुळं तुमच्या सासरी काही सिद्ध करायला नको. परत जाताना सुजाताला काय सांगायचं ते तुमचं तुमी ठरवा, पण मला विचाराल तर तिला एकदा सांगा. तिच्याही वेळेला गाडी येईल.

तिसरा ता. क. येताना मी मायला बसमधे म्हटलं, तुमी स्वतः गेल्या असत्या तर हा घोळ झालाच नसता. ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, 'मी गेली असती तं माहा फोटो साफ निघाला असता. मंग तिचा कोणं पाह्यला असता?'

मी पिशवीतलं केळं सोललं आणि अर्धं तिला दिलं. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं या. माय म्हणते ती आजपासूनच स्टँडवर जाऊन बसते. मी अडवलेलं नाही.