बदली खेळाडूचे झेल

प्रिय अण्णा,

तुमच्या गिरणीच्या जुन्या क्लबच्या फॉर्मवर मला सही करता आली नाही, म्हणून हे पत्र.

मैदानावर जुन्या क्रिकेटपटूंच्या नावांचा फलक लागणार आहे. यादीत तुम्ही नव्हतात. मी विचारलं, तर सेक्रेटरी स्कोअरबुक घेऊन घरीच आले. गिरणीने खेळण्यासाठी तुम्हाला दहा वर्षं नोकरीवर ठेवलं, आणि वहीत तुमच्या नावावर सामने दोन! बाकी जागोजागी एकच नोंद: ‘झेल, बदली खेळाडू’. बदली माणसाचं नाव लिहीत नाहीत म्हणे.

मला काही वाटलं नाही. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. अजून काहीच वाटत नाही.

माझ्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही पाहुण्यांसमोर उठून, उलटं पळत झेल कसा घेतला ते दाखवायला लागलात. मी म्हणाले, “अण्णा, पुरे.” तुम्ही खाली बसलात. पुन्हा कधी झेलाचं नाव काढलं नाहीत. माझं एवढं का ऐकलंत?

तुमच्या संघातले गोलंदाज यूसुफचाचा आता बजाजनगरला मुलाकडे असतात. त्यांना वही दाखवली.

“बदली कोण, हे काय विचारते बेटी? मॅनेजरसाहेब बॅटिंग करून पंख्याखाली बसायचे. त्यांच्या जागी उन्हात तुझा बाप पळायचा. माझ्या बॉलिंगवर बाउंड्रीवरचे सगळे कॅच त्याचेच. बॉलर म्हणून नाव मात्र माझं झालं.”

हे तुम्ही घरात कुणालाच का सांगितलं नाहीत?

फलकावर नाव घालण्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘हे झेल मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.’ सेक्रेटरी म्हणाले, मुलीची सही चालेल. मला चालत नाही. मैदान माझ्या कॉलेजच्या वाटेवर होतं, तरी मी एकही सामना पाहिला नाही. यूसुफचाचांनी सही केली. सही होईपर्यंत कागद मी धरला.

फलक लागेल त्या दिवशी मी जाईन. तुम्ही कुठे उभे राहायचात ते यूसुफचाचांना विचारेन आणि तिथं थोडा वेळ उभी राहीन. नक्की.

तुमची,
नलिनी

क्लबमध्ये ठेवायला सेक्रेटरींना आज सुपूर्द केलं: टोपी, एक. स्वेटर, एक, कोपराला आईने रफू केलेला. संघाचा फोटो, एक. त्यात तुम्ही कडेला, अर्धेच आलेले. फॉर्म, एक, साक्षीदार म्हणून सही यूसुफचाचांची. या यादीवर वस्तू देणारी म्हणून सही, माझी.