आखाड्यात फेकलेल्या डगल्यांची व्यवस्था

बुन्सेइ शकाचे आठवे वर्ष, दहावा महिना, तारीख एकोणीस, सकाळचा सर्पाचा प्रहर. पावसामुळे आज कुस्त्या तहकूब. मी योसोजी, वय चोवीस, सुमोच्या आखाड्यात डगले उचलणारा, कालचे तीन डगले घरातच वाळत घालून हे लिहावयास बसलो आहे. पायांची सूज गुडघ्यापर्यंत आली आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि कोणी बळजबरी केलेली नाही. वैद्यबुवा म्हणाले, "शहरचा पांढरा भात सोड, गावी जाऊन जव खा, जगशील." त्याप्रमाणे जात आहे. पण वाटेत घाट आहे, म्हणून हा कागद.

एक. खोली भाड्याची. आतले सर्व पत्नी ओतामीचे. ती इथेच राहील.

दोन. माझे काम मित्र कामेहाची यास. आवडता मल्ल जिंकला की शौकीन लोक अंगावरचा डगला आखाड्यात फेकतात. तो ज्याचा त्याला नेऊन द्यावा आणि बदल्यात मल्लाचे बक्षीस आणावे. चेहरा लक्षात ठेवू नये, अस्तर ठेवावे. मी एकदा चेहऱ्यावर गेलो आणि तांदूळवाल्याचा डगला शेजारी बसलेल्या त्याच्या जावयाला दिला. बाहीत एका बाईची चिठ्ठी होती. सासऱ्याने मला छत्रीने बडवले. त्यास मी क्षमा करतो, छत्रीस नाही.

तीन. याच कलमासाठी हा खटाटोप. फाटलेला डगला परत देता येत नाही. पाच वर्षे ते ओतामी शिवते. दमडी मिळालेली नाही. बायकांना आत प्रवेश नाही, तिने एकही कुस्ती पाहिलेली नाही. तरी डगल्यावरचा चिखल पाहून विचारते, "आज पूर्वेकडचा मल्ल जिंकला ना हो?" यापुढे काम कोणीही करो, शिवण तिचीच आणि डगल्यामागे तांब्याचे चोवीस मोन तिचे, मागच्या डगल्यांचेही. मी बरा होऊन परतलो तरीही.

साक्षीला आलेले कुमेगोरो वस्ताद इथे अडले.

"अरे, आखाड्याचा पैसा बाईमाणसाला? पाऊल तरी ठेवलंय का तिनं तिथं?"

ओतामी चुलीपासून म्हणाली, "पाऊल नाही ठेवलं, वस्ताद. पण तुमच्या अंगावरच्या डगल्याची डावी काख माझीच आहे."

वस्तादांनी काख चाचपली, उजेडात धरली. टाका सापडला नाही. मग त्यांनी शाई मागितली.

साक्षीदार: कुमेगोरो, आखाड्याचे वस्ताद (शिक्का). रोकुबेई, घरमालकाचे कारभारी (शिक्का).
लिहिणार: योसोजी. मुक्काम होन्जो, एदो. तारीख वरीलप्रमाणे.

खर्च: वैद्यबुवा ३०० मोन, कागद व शाई १८.
देणे: तोफूवाला ४८.
येणे: एकेचाळीस डगल्यांची शिवणावळ ९८४. पैकी वस्तादांनी आत्ता दिले ५००. बाकी ४८४.
वस्तादांच्या काखेचे वेगळे २४. उद्या देतो म्हणाले. ओतामी "आजच" म्हणाली. मिळाले.