अक्कलदाढ आणि माझ्या वाट्याचा रोट

श्रावण शु. ३, मंगळवार
अक्कलदाढ गेली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी घाम गाळून उपटली. आडवी उगवली होती म्हणे. माझ्यासारखीच, असं सौ.चं मत. कापसाचा बोळा दाबून शेजाऱ्याच्या छकड्यातून रनाळ्याला परत. दोन दिवस चूळ बंद, तंबाखू बंद, बोलणंही बंद. शाळेला रजा. पोरं खूश असतील.

शु. ४, बुधवार
गाढवपणा केला. जेवणानंतर बारा चुळा, ही वडिलांची शिस्त. पेज प्यालो आणि सवयीनं खळखळून भरल्या. बाराव्या चुळेला रक्ताची काळी गाठ बाहेर पडली. सौ. म्हणाली, "घाण गयी, बरं व्हयनं." मलाही तसंच वाटलं.

शु. ५, नागपंचमी
घाण नव्हती ती. कळ कानात, कानातून डोक्यात. लवंग धरली, काही नाही. सौ. : "दादाले निरोप धाडू का?" मी मानेनंच नाही म्हटलं.
दादा, माझे थोरले भाऊ, पाच घरं पलीकडे. सहा वर्षं बोलणं नाही. वाटणीच्या वेळी आईची चांदीची कडी सापडेनात, तेव्हा भर पंचांत मी त्यांना चोर म्हणालो. दोन वर्षांनी आमची बहीण आक्का माहेरी आली तेव्हा कळलं, कडी आईनं हयातीतच तिला दिली होती. म्हणजे चार वर्षं मला ठाऊक आहे. एक वाक्य बोलायचं होतं. व्हर्नाक्युलर फायनल पास मास्तर, पण तेवढं जमलं नाही.

शु. ६, शुक्रवार
सौ.नं मला न विचारता निरोप धाडलाच. दादा उजाडताच छकडा जुंपून दारात. "नाना, तू बोलू नको. बठ." सहा वर्षांनी त्यांच्या तोंडून नाना. वाटेत प्रत्येक खड्ड्याआधी "धर" म्हणत होते.
डॉक्टर रागावले. ती गाठ म्हणजे जखमेवरचं झाकण होतं, ते मी बारा चुळांनी उडवलं. लवंगतेलाची पट्टी भरली. अर्ध्या तासात कळ उतरली. डोळ्यांत पाणी आलं. दादांना वाटलं दुखतंय. "अजून दुखस का?" नाही दादा, दुखत नव्हतं. देव तुमचं भलं करो.

शु. ८, रविवार
कानबाई देवी बसली, नेहमीप्रमाणे दादांकडे. घरं वेगळी झाली तरी रोट, देवीच्या नैवेद्याची पोळी, एकच. दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. सहा वर्षं मी पंगतीच्या टोकाला बसून मुकाट्यानं खाऊन येतो. आज दादांशेजारी पाट मांडला होता. वहिनी म्हणाल्या, "तुमनी मूठ आम्ही कधीच चुकाडी नही." मला मान वर करवेना.
पण तोंड एक बोट उघडत नाही आणि रोट जाडजूड, कडक. टाकता येत नाही, घराबाहेरच्याला देता येत नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. दादा म्हणाले, "तुन्हा वाटा तूच खाशी. मी दूधमा मोडी देस."

शु. १०, मंगळवार
काल कानबाई गेली. दादा रोज संध्याकाळी येतात, रोट दुधात कुस्करतात. आता कोमट मिठाच्या पाण्याची चूळ चालते, हळू. तेही तेच आणून देतात, वर "खळखळ करू नको" अशी तंबी. मग बैलाचे दात बघावेत तसं तोंड बघतात. "दीड बोट जास."
कपाशी, बैल, आईच्या हातचं वरण, सगळं बोलतात. कडी सोडून. मी माना डोलावतो.

शु. १२, गुरुवार
पट्टी काढली. नंदुरबारला पुन्हा दादांचाच छकडा. डॉक्टर म्हणाले, जखम भरतेय, आता बोलायला हरकत नाही. दादा बाहेर बैलांपाशी होते, त्यांनी ऐकलं नाही. मीही सांगितलं नाही. काय माणूस आहे मी.
सौ. म्हणते, "तोंड बरं व्हयनं तरी कुलूप का?"

शु. १४, शनिवार
आज तोंडात तीन बोटं गेली. दादांना माझ्यापेक्षा जास्त आनंद. एकच तुकडा उरलाय.

शु. १५, पौर्णिमा
दादा शेवटचा तुकडा घेऊन आले. दूध आणलं नाही. "आज कोरडाच चाव." दुसऱ्या बाजूनं चावला. चावता आला! इतकं गोड काही वर्षांत खाल्लं नाही.
मी सुरू केलं, "दादा, ती आईनी कडी..."
त्यांनी हात वर केला. "तोंडमा घास शे. पहिले गिळ. मी आठेच बठेल शे."
पाणी पिण्याच्या निमित्तानं आत आलोय आणि हे लिहीत बसलोय. घास केव्हाच गिळला. दादा ओट्यावर आहेत, पागोटं काढून मांडीवर ठेवलंय, म्हणजे घाई नाही. सौ. दारातून बघतेय.
वही ठेवतो.