शेवटच्या पाच मिनिटांचा आवाज

बाबा,

बाहेर स्वयंपाकघरात एकोणीस वर्षांची एक पोरगी मटार सोलत बसली आहे आणि तिच्या बसला दोन तास आहेत. ती मंडल्याची. सकाळच्या गाडीनं जबलपूरला उतरली, आता इथून बसनं घरी जाईल आणि परत खेळायला येणार नाही म्हणते. तुमच्या नातीनं तिला माझ्याकडे पाठवलं आहे, जेवू घाल आणि समजाव म्हणून. मी तिच्यापुढे पाटीभर मटार ठेवले, "बेटा, मैं पूजा करके आती हूँ" म्हटलं आणि आत देवासमोर येऊन बसले. हातात मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान आहे, त्याची मागची बाजू कोरी होती. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी आज बोलायला दुसरं कोणी सुचलं नाही.

तुमची नात आता हॉकीच्या टीमची कोच आहे. तुमच्यासारखी कारखान्याच्या टीमची नाही, लीगच्या. या लीगमध्ये टीमला मालक असतो आणि पोरींचा लिलाव होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बैलबाजार हाय काय वं?" तिची टीम मागच्या वर्षी सगळ्यात खाली राहिली. मोठ्या खेळाडू दुसऱ्यांनी नेल्या, तेव्हा मालकानं हिला बोलावून सांगितलं, नवीन टीम उभी कर, तीन वर्षं घे. हिनं गावोगावच्या होस्टेलांतून विशीच्या आतल्या पोरी जमवल्या आणि मालकाला लिहून दिलं की यंदा जिंकलो-हरलो बघू नका. पोरी पूर्ण मॅच टिकतात का आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल कमी खातात का, एवढं बघा. मालक हो म्हणाले. चार मॅच हरल्यावर मात्र तेही सगळ्यांसारखा गुणतक्ताच बघायला लागले. मला तर दिसत होतं. मी दर मॅचचे खाल्लेले गोल कॅलेंडरवर लिहीत होते: सात, पाच, पाच, तीन, चार, दोन. गोलात ही बाहेर मटार सोलणारी पोरगीच होती. पण शेवटच्या मॅचच्या आधी मालकांचा निरोप आला की ही मॅच जिंकली आणि खालून दुसरे जरी आलो तरी कोच हीच राहील, नाहीतर बघू.

त्याच दिवशी तिचा फोन आला. मी अशीच मटार घेऊन बसले होते.

"आई, एक बता. आजोबांच्या शेवटच्या मॅचला गोलात कोण होतं? तूने कभी ठीक से बताया ही नहीं."

"काहून विचारून राहिली?"

"आमची सीनियर गोलकीपर ठीक झाली. उंगली जुड़ गई उसकी. मॅनेजर म्हणतो तिलाच उतरवा. पण मंडल्याची सहा मॅच उभी राहिली ना, आई. आता तिला बसवू? आजोबांनी काय केलं असतं?"

तुम्ही काय केलं होतं ते मी पन्नाशी ओलांडली तरी विसरलेली नाही. तुमच्या टीममधल्याही मोठ्या पोरी एकाच वर्षी गेल्या होत्या, कोणाचं लग्न झालं, कोणी नोकरीला लागली. उरलो आम्ही चौदा-पंधराच्या. गोलात उभी राहायला कोणी तयार नाही म्हणून तुम्ही मला उभं केलं. पॅड कमरेला लागायचे. पहिल्या मॅचला आम्ही नऊ खाल्ले. सहाव्यानंतर मी खांबाला टेकून खाली बसले, तर तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "बसून काय राहिली वं? उठ. फुलबॅकला आवाज दे." बाप असून असं बोलतो, वाटलं मला. घरी आईनं विचारलं, किती? तुम्ही आकडा सांगितलाच नाही. हातपाय धुतले, ताटावर बसलात आणि म्हणालात, "शेवटी शेवटी पोट्ट्या गप झाल्या." मग सगळं वर्ष मी तुमची ती सवय बघितली. पाच मिनिटं राहिली की तुम्ही मैदानाकडे पाठ करून, हात मागे बांधून सायकलींकडे तोंड करून उभे राहायचे. लोक हसायचे, "मास्टरजी, मैच इधर है." तुम्ही ऐकत असायचे. पोरी एकमेकींना हाका मारून राहिल्या का, की हरल्या म्हणून तोंडं मिटली.

आणि मग ती मॅच. कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं होतं की जिंकलात तर टीम राहील, नाहीतर मैदान सायकल स्टँडला जाईल. बाहेरून कॉलेजची एक गोलकीपर आणून ठेवली होती, उंच, पक्की. मी आदल्या दिवशी ग्वारीघाटला नर्मदेत नारळ वाहून आले, तर तुम्ही हसलात, "समोरच्या पोट्टीच्या मायनं बी नारळ फोडला असंल. नर्मदामायनं कोनाचं आयकावं?" दुसऱ्या दिवशी तुम्ही मलाच उतरवलं. तीन-दोन हरलो. तिसरा गोल माझ्या दोन पायांतून गेला. मी सायकलच्या कॅरिअरवर रडत विचारत होते, "त्या कॉलेजवालीला काहून नाही उतरवलं?" तुम्ही बडा फुहाऱ्याच्या चौकापर्यंत सायकल मारत राहिलात. तिथे उतरून खव्याची जलेबी घेतली. हरल्यावर जलेबी. म्हणालात, "आज शिट्टी वाजेपर्यंत तुझा आवाज येऊन राह्यला होता. तू नाही आयकला, मी आयकला." महिन्याभरात मैदानावर पत्रे आले, सायकल स्टँड झाला. मॅट्रिक झाल्यावर माझं लग्न झालं. टीम माझ्यामुळे गेली, हे मी सासरी घेऊन आले आणि कोणाला सांगितलं नाही.

तर बाबा, मी पोरीला फोनवर म्हटलं, "आजोबांनी मोठीला उतरवलं. मला बसवलं."

एका दमात म्हटलं, मटार सोलणंही थांबवलं नाही. ती म्हणाली, "अच्छा. चलो, मग ठीक आहे."

त्या वेळी मी स्वतःला समजावलं की मंडल्याच्या पोरीलाच वाचवते आहे. माझ्यासारखं ओझं तिच्या डोक्यावर नको. हे पूर्ण खोटं नाही, पण खरी गोष्ट ही की मला माझ्या पोरीची नोकरी दिसत होती. तुमच्या हातून टीम गेल्यावर तुम्ही संध्याकाळचे अंगणात नुसते बसायचे, तेही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी ग्वारीघाटला गेले. पंडितजींनी हातावर पाणी दिलं, नाव-गोत्र म्हटलं आणि विचारलं, "निमित्त बोलिए माताजी." काय मागू? जिंकू दे? ती पोरगी शांत राहू दे? माझं खोटं कोणाला कळू देऊ नको? मागे लाईन लागली होती. तेच म्हणाले, "संतान के लिए है ना?" मी मान हलवली.

जिंकलो. दोन-एक. मोठीनं शेवटी एक पेनल्टी कॉर्नर असा अडवला की टीव्हीवर चारदा दाखवला. शेवटची पाच मिनिटं मी टीव्हीकडे पाठ करून उभी राहिले, तुमच्यासारखी. एकट्या मोठीचा आवाज येत होता. आपल्या पोरी बॉल आला की मारत होत्या, बोलत नव्हत्या. बाकावर बसलेली मंडल्याची तर मॅचभर दिसलीच नाही. संध्याकाळी तुमच्या नातीचा फोन, "आई, कोच मीच. पक्का झालं." आणि मग, "मंडल्याची बोलत नाही माझ्याशी. मी तिला सांगितलं, मेरी माँ को भी उनके पिताजी ने बिठाया था. तुझा राग किती दिवस होता गं?"

"दोन दिवस," मी म्हटलं. एकाची दोन खोटी झाली.

आज ती आली. पाया पडली, बॅग दाराशीच ठेवली, आत आणू का विचारलं तर नको म्हणाली. चहा अर्धा पिऊन तिनं कप खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "आंटी, दीदी ने बताया आपके बारे में. फिर आपको अगली बार कब खिलाया?"

मी म्हटलं, "अगले ही मैच में." आणि पूजेला आले.

पुढची मॅच नव्हतीच बाबा. हे तिला कळलं नाही, पण तिनं मान खाली घातली ती मला विश्वास बसल्यासारखी वाटली नाही. इथे बसून मी हेच उलटंपालटं करून राहिले आहे. तुम्ही त्या दिवशी खरंच मला बसवलं असतं तर? टीम राहिली असती, पत्रे आले नसते, तुमच्या संध्याकाळी मैदानात गेल्या असत्या. आणि मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. दोन दिवसांत नाही, अजूनही नाही. मी रडले हरल्यामुळे. पण ओरडून ओरडून माझा घसा बसला होता आणि त्या बसलेल्या घशानं जलेबी खाल्ली, त्याच्याएवढा चांगला दिवस माझा पुन्हा आला नाही. हे मला फोनवर पोरीला सांगता आलं असतं. तिनं विचारलं तेच होतं.

बाहेरून हाक आली, "आंटी, मटर हो गए. छिलके फेंक दूँ?" मी आतूनच म्हटलं, "नहीं बेटा, कोवळी सालं ठेव, त्याची भाजी होते." तिला कळलं असावं, हसल्यासारखा आवाज आला.

बसला आता सव्वा तास. तिला खरं सांगितलं तर ती माझ्या पोरीला सांगणार, आणि मग माझी पोरगी मला विचारणार. विचारू दे. हे पान मी पोथीत ठेवते.

आणि बाबा, मी पूजा केलेली नाही. मधे दोनदा घंटी वाजवली, बाहेर ऐकू जावी म्हणून. आता उठते. त्या पोरीला आधी हेच सांगीन, मग पुढचं तोंडातून निघेल.