रेकॉर्डची मागची बाजू

बाबा,

तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. मराठी लिहायला मी त्यानंतर शिकले, म्हणून हे तुम्हाला माझं पहिलंच मराठी पत्र.

आई गेली त्या हिवाळ्यातलं, एडिसन गावातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. ऐंशीच्या दशकात सगळ्यांकडे कॅसेट आल्या होत्या, तुम्ही मात्र कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून एका जुन्या स्विंग बँडची रेकॉर्ड आणली होतीत. पुढच्या बाजूला नाचाच्या चाली, ट्रम्पेट आणि ड्रम्स नुसते धावत सुटलेले. रोज सकाळी तीच बाजू लावून, टाय खांद्यावर टाकून तुम्ही माझा डबा भरायचात. मी ओरडायचे, "बाबा, टू लाउड!" "मग तुझी झोप कशी उडणार?" म्हणून तुम्ही हसायचात. त्या हसण्याचा मला राग यायचा. वाटायचं, आईची आठवण या घरात फक्त मलाच येते.

शेजारच्या काकू एकदा भाजी घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "भावजी, वर्षसुद्धा झालं नाही, आणि घरात बँडबाजा?" तुम्ही त्यांच्या हातातलं भांडं घेतलंत. "वहिनी, मागची बाजू फार हळवी आहे. ती लावली तर मी घराबाहेर पडणार नाही. मग हिला शाळेत कोण सोडणार?"

दुसऱ्या दिवशी तुमची पाठ वळलेली असताना मी रेकॉर्ड उलटली. तोच बँड, पण एकटी क्लॅरिनेट, हळूहळू, जणू कुणी झोपलंय. तुम्ही बंद कर म्हणाला नाहीत. गॅस बंद केलात, ऑफिसला फोन करून बरं नाही म्हणालात आणि कोट घालूनच खुर्चीत बसलात. मग आईबद्दल बोलायला लागलात. तुमच्या भावाशी फोनवर बोलायचात तसं, भरभर, मध्ये न थांबता. तुम्ही रडताय आणि बोलताय, आणि मी तुमच्या कोटाची बाही धरून उभी आहे. खिडकी, हिरवी साडी, हॉस्पिटल, एवढेच शब्द मला ओळखीचे वाटले.

मध्येच तुम्ही विचारलंत, "कळतंय ना गं?"

"येस, बाबा," मी म्हणाले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मला तेव्हा रोजचं साधं, सावकाश बोललेलं मराठीच समजायचं; त्या दिवशीचं जवळजवळ काहीच कळत नव्हतं. विचारलं असतं, तर तुम्ही थांबला असतात.